मानमोडीची लस आणि मुक्तेश्वरची थंडी

कुक्कुटपालनाची विलायती पुस्तके चाळली तर त्यांत ‘हिवाळा’ या नावाचे एक प्रकरण हमखास सापडते. पिण्याचे पाणी गोठू नये म्हणून काय करावे, बर्फाळ वारा खुराड्यात कसा अडवावा, कोंबड्याच्या तुऱ्याला हिमदंश झाला तर तो कसा ओळखावा, असा सगळा मजकूर त्यात असतो. रत्नागिरीच्या एखाद्या शाळेत हे प्रकरण वाचून दाखवले तर मुले हसतील. तिथे जानेवारीतही पहाटेचे तापमान सरासरीने १८–१९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. धुके पडते, आंब्याला मोहोर येतो, आजी शाल घेते, पण डबक्यावर बर्फ धरलेला कोणी पाहिलेला नसतो.

तरीही हे प्रकरण वर्गात वाचावे असे मला वाटते. त्यातून एक चांगला प्रश्न निघतो. जिथे हिवाळा नाही, तिथे परसातल्या कोंबड्या सुरक्षित असायला हव्यात. मग कोकणातल्या एखाद्या वाडीतली खुराडी आठवडाभरात रिकामी का होतात? आणि ज्या रोगाने ती रिकामी होतात, त्याची लस १९४६ पासून माहीत असताना का होतात?

आधी थंडीचा हिशेब संपवू. कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ अंशांच्या आसपास असते, म्हणजे आपल्यापेक्षा चारेक अंशांनी जास्त. ते टिकवायला तिच्याजवळ पिसांची गोधडी असते. खरे तर ऊब पिसांची नसते, पिसांत अडकलेल्या हवेची असते. म्हणून गारठ्यात कोंबडी अंग फुलवून बसते आणि ही गोधडी जाड करते. उघडे राहतात ते पाय, तुरा आणि गलोल. पायांत वरून येणाऱ्या गरम रक्ताच्या आणि खालून परतणाऱ्या गार रक्ताच्या वाहिन्या एकमेकींना चिकटून जातात. गरम रक्त आपली उष्णता परतणाऱ्या रक्ताला देऊन टाकते आणि ती बाहेर वाया जात नाही. तुऱ्याला अशी सोय नाही, म्हणून थंड देशांत पहिला फटका तुऱ्याला बसतो. कॅनडात क्वेबेकमधील ओका येथील मठात ब्रदर विल्फ्रेड शातलँ यांनी १९०८ पासून खटपट करून ‘शांतक्लेर’ ही जात तयार केली. तिचा तुरा आणि गलोल जेमतेम दिसतील इतकेच ठेवले आहेत. तिकडच्या हिवाळ्यावर हा सरळ तोडगा होता.

पण कोंबडी मुळात आपल्यासारख्याच उष्ण मुलखातली. तिच्या पाळीवपणाचा इतिहास अलीकडे पुन्हा तपासला गेला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार थायलंडमधील बान नॉन वाट येथे सापडलेली हाडे पाळीव कोंबडीची सर्वांत जुनी भरवशाची हाडे ठरतात. त्यांचा काळ इ. स. पूर्व १६५० ते १२५० च्या दरम्यानचा. भातशेती वाढली, खळ्यांवर सांडलेल्या दाण्यांसाठी रानकोंबडे वस्तीजवळ आले आणि तिथून जवळीक सुरू झाली, असा संशोधकांचा तर्क आहे. भाताच्या खळ्याभोवती कोंबड्या पाहत वाढलेल्या रत्नागिरीच्या मुलांना तो पटायला वेळ लागणार नाही. आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा, पण पिवळ्या पायांच्या कोंबड्यांना तो पिवळेपणा देणारे जनुक आपल्या सह्याद्रीत आरवणाऱ्या करड्या रानकोंबड्याकडून आले आहे, असे २००८ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांच्या गटाने दाखवले.

अशा पक्ष्याला उत्तरेत नेल्यावर थंडीपेक्षा अंधाराने जास्त सतावले. रत्नागिरी १७ अक्षांशावर आहे. वर्षातला सर्वांत लहान दिवस इथे अकरा तासांचा, सर्वांत मोठा सुमारे तेरा तासांचा. इंग्लंडमधील न्यूकॅसल शहर ५५ अक्षांशावर. तिथे डिसेंबरात जेमतेम सात तास उजेड असतो. कोंबडीच्या मेंदूतच प्रकाश ओळखणाऱ्या पेशी असतात. दिवस आखूड झाला की अंडी घालणे मंदावते, थांबते. म्हणून हिवाळ्यात खुराड्यात विजेचा दिवा लावण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत रुजली. आपल्याकडे हा प्रश्न सौम्य आहे.

कोकणातला कोंबडीचा खरा कठीण ऋतू पावसाळा. तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. भिजलेल्या पिसांत हवा राहत नाही, म्हणजे गोधडीच गेली. अंगावर नुसती लव असलेले पिल्लू तर २४–२५ अंशांतही गारठून मरते. खुराड्यातली विष्ठा ओली राहिली की अमोनियाचा उग्र वास सुटतो आणि श्वसनमार्गाचे अस्तर दुखावते. खुराडे जमिनीपासून उचललेले, तळाला कोरडे तूस, वरून गळती नाही आणि वरच्या अंगाला वारा खेळता, एवढे सांभाळले तरी बरेच साधते. विलायती ‘हिवाळा’ प्रकरणाचे सारही जवळजवळ हेच असते: उबेपेक्षा कोरडेपणा आणि खेळती हवा महत्त्वाची. दोन टोकांच्या हवामानांत उपाय एकच निघावा हे मुलांना जरूर दाखवावे.

ओल, मुंगूस, रानमांजर, साप, घार यांनी एखाददुसरा पक्षी जातो. अख्खी वाडी रिकामी होते ती वेगळ्याच कारणाने. कोंबड्या मलूल होतात, हिरवट पातळ हगवण लागते, चोच उघडी टाकून त्या श्वास घेतात. काहींचे पंख, पाय लुळे पडतात. जगल्या वाचल्यांची मान पिळवटते. म्हणून महाराष्ट्रात या रोगाला मानमोडी म्हणतात. (१९१८ च्या माणसांतल्या फ्लूच्या साथीलाही लोक मानमोडी म्हणत. तो रोग वेगळा, दहशत सारखी.) पशुवैद्यकीय दवाखान्यातले नाव राणीखेत. लस न टोचलेल्या कळपात शंभरातल्या नव्वदांहून अधिक कोंबड्या मरू शकतात.

या नावापाशी इतिहास सुरू होतो. १९२६ च्या सुमारास जगाच्या तीन दूरच्या ठिकाणी एकाच तऱ्हेची साथ दिसली: जावा बेटावर, कोरियात आणि इंग्लंडमधील न्यूकॅसलजवळ. इंग्लंडमधील साथीचा अभ्यास डॉयल या पशुवैद्यकाने केला आणि १९२७ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्याच्यापुढचा पेच असा होता की, ‘फाउल प्लेग’ नावाचा एक जुना रोग अगदी असाच दिसे. विषाणू डोळ्यांना दिसण्याचा काळ अजून आला नव्हता. मग दोन रोग वेगळे आहेत हे कसे सांगायचे? डॉयलने कोंबडीलाच परीक्षक केले. एका रोगातून वाचलेल्या पक्ष्याला दुसऱ्या रोगाची बाधा करून पाहिली, तर तो आजारी पडला. म्हणजे एकापासून मिळालेले संरक्षण दुसऱ्याला चालत नाही, अर्थात रोगकारक दोन आहेत. उपकरणांशिवाय केवळ तर्काने मिळवलेले असे निष्कर्ष विज्ञान शिकवताना फार उपयोगी पडतात. नाव मात्र डॉयलने तात्पुरते म्हणून दिले होते, ‘न्यूकॅसल रोग’. ते चिकटले ते कायमचेच.

फाउल प्लेग म्हणजे पक्ष्यांचा इन्फ्लुएन्झा, हे १९५५ मध्ये कळले. त्यालाच आपण आता बर्ड फ्लू म्हणतो. डॉयलचा पेच महाराष्ट्रात ८० वर्षांनी पुन्हा उभा राहिला. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला कोंबड्या मरू लागल्या, तेव्हा सुरुवातीला अनेकांना ती राणीखेतच वाटली. प्रयोगशाळेने निदान केले ते भारतातल्या पहिल्या एच५एन१ बर्ड फ्लूचे.

भारतात हा नवा रोग नोंदवला गेला तो कुमाऊंच्या पहाडातल्या राणीखेत या लष्करी छावणीच्या गावाजवळ. त्याचे वर्णन १९२८ मध्ये जे. टी. एडवर्ड्‌स यांनी केले. ते जवळच्याच मुक्तेश्वर येथील सरकारी पशुवैद्यक संशोधन संस्थेत होते. एवढ्या दूर पहाडात संशोधन संस्था कशी, असे वाटेल. तर तिचा जन्म पुण्यातला! गुराढोरांच्या साथींचा अभ्यास करण्यासाठी १८८९ मध्ये पुण्याच्या सायन्स कॉलेजात ‘इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ सुरू झाली. आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख. पण बुळकांडीसारख्या रोगाचे जंतू भर वस्तीत हाताळणे धोक्याचे होते आणि पुण्याच्या उन्हाळ्यात रक्तजल आणि संवर्धने टिकवणे अवघड होते. म्हणून १८९३ मध्ये संस्था सुमारे साडेसात हजार फूट उंचीवरच्या मुक्तेश्वरला हलली. १८९७ मध्ये रॉबर्ट कॉख तिथे येऊन गेले. पुढे याच संस्थेची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली. तिचे मुख्य ठाणे आज बरेलीजवळ इज्जतनगरला आहे.

थोडक्यात, थंडीसाठी प्रयोगशाळा डोंगरावर गेली. हे ध्यानात ठेवू, कारण पुढची सगळी गोष्ट याच्याभोवती फिरते.

विषाणू जिवंत पेशीतच वाढतो, त्यामुळे लस बनवायची तर त्याला वाढवायचे कशात हा प्रश्न होता. १९३१ मध्ये अमेरिकेत गुडपास्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबड्यांच्या देवीचा विषाणू गर्भ असलेल्या अंड्यात वाढवून दाखवला. अंडे ही निसर्गानेच बंद करून दिलेली निर्जंतुक बाटली. त्यानंतर एका अंड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा विषाणू पुन्हा पुन्हा वाढवत नेला, तर मोठ्या कोंबडीसाठी तो हळूहळू मवाळ होतो, असे दिसून आले. एस. जी. अय्यर आणि नॉर्मन डॉबसन यांनी १९४० मध्ये इंग्लंडमधील विषाणूवर हे तंत्र यशस्वी झाल्याचे जाहीर केले. भारतातल्या विषाणूपासून हॅडो आणि इदनानी यांनी १९४६ मध्ये लस सिद्ध केली. ‘मुक्तेश्वर’ किंवा ‘आर२बी’ या नावाने ती आजही वापरात आहे.

ही लस मवाळ असली तरी अगदी गरीब नाही. सहाएक आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना ती सोसत नाही, म्हणून मोठ्या पक्ष्यांनाच पंखाखाली टोचतात. पिल्लांसाठी त्याहून सौम्य विषाणू शोधावे लागले. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या लासोटा नावाच्या शेतकऱ्याच्या कोंबड्यांत १९४६ मध्ये सापडलेला एक विषाणू असाच उपयोगी पडला आणि त्या शेतकऱ्याचे नाव जगभरच्या लशीच्या बाटल्यांवर गेले. तिचा थेंब पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकपुडीत टाकला की पुरे. एकाच विषाणूचे काही प्रकार जीवघेणे आणि काही इतके सौम्य का, याचे उत्तर १९७६ मध्ये मिळाले. विषाणूच्या पृष्ठभागावरचे एक प्रथिन कापले गेल्याशिवाय त्याला पेशीत शिरता येत नाही. सौम्य प्रकाराचे प्रथिन कापू शकणारी विकरे फक्त श्वसनमार्गात आणि आतड्यात असतात, त्यामुळे तो तिथेच अडकतो. जहाल प्रकाराचे प्रथिन शरीरातल्या जवळजवळ कोणत्याही पेशीत कापले जाते. मग मेंदूही सुटत नाही आणि मान पिळवटते.

मोठ्या पोल्ट्रीवाल्यांनी ही लस लगेच उचलली. महाराष्ट्रात १९७० नंतर व्यावसायिक कुक्कुटपालन भराभर वाढले ते लशीच्या भरवशावरच. हजारो पक्षी एका छपराखाली ठेवायचे तर लशीला पर्याय नव्हता. राज्याच्या पशुसंवर्धन विभागाची पुण्याजवळ औंधला लसी तयार करणारी संस्थाही आहे. तेव्हा लस नाही, असे कधीच नव्हते. अडचण होती ती औंधपासून खुराड्यापर्यंतच्या वाटेवर.

जिवंत विषाणूची लस म्हणजे शेवटी विषाणूच. कोरडी करून काचेच्या कुपीत बंद केली, तरी तिला दोन ते आठ अंशांत ठेवावे लागते. पाण्यात कालवल्यावर तर दोनेक तासांत संपवायची. उन्हात राहिलेली कुपी दिसायला चांगलीच दिसते, टोचलीही जाते, पण तिच्यातला विषाणू मेलेला असतो. साथ आली की कोंबड्या मरतात आणि गावाचा निष्कर्ष ठरतो: लशीने काही होत नाही. पुढच्या वेळी कोणी पक्षी धरून ठेवत नाही. हा निष्कर्ष अडाणीपणाचा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. पाहिलेल्या पुराव्यावरून तो बरोबरच असतो. कुपीला ऊन लागले होते हा पुरावा मात्र त्यांच्यासमोर कधी आलेला नसतो.

निसर्गाचा विरोधाभास पाहा. थंडी जशी लशीला टिकवते, तशी ती रोगाच्या विषाणूलाही टिकवते. गोठवलेल्या मांसात तो महिनोन्‌महिने जिवंत राहतो. १९२६ मध्ये तो इंग्लंडच्या बंदरात जहाजावरच्या गोठवलेल्या कोंबड्यांतून उतरला असावा, असा एक तर्क आहे. म्हणजे रत्नागिरीची ऊब एका परीने कोंबडीच्या बाजूची आणि दुसऱ्या परीने लशीच्या विरुद्ध. बर्फ रत्नागिरीत नाही असेही नाही. मिरकरवाडा बंदरावर तो मासळीसाठी रोज फोडला जातो. पण मासळीच्या मागे बाजार आहे. डोंगरउतारावरच्या वाडीतल्या आठ कोंबड्यांसाठी बर्फाची पिशवी घेऊन चढ चढणारा बाजार नाही.

दुसरी अडचण गणिताची आहे. लशीची एक कुपी शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांची. घरात पक्षी आठ-दहा. एका घरासाठी कुपी फोडली तर नव्वद मात्रा वाया. शिवाय परसातल्या कोंबड्या पहाटे सुटल्या की दिवसभर वाडीभर फिरतात. त्या धरायच्या तर खुराडे उघडण्याआधी.

त्या आठ-दहा कोंबड्यांचे मोल किती, असे शहरात विचारले जाते. रत्नागिरी जिल्हा पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या मनिऑर्डरीवर चालला. पुरुष गिरणीत, घर बाईच्या हाती. मनिऑर्डर येईपर्यंतच्या दिवसांत वही, औषध, एसटीचे तिकीट यांचा खर्च अंड्यांतून नाहीतर एखादा कोंबडा विकून निघे. वर्षाची राखण द्यायची, पाहुण्यांना कोंबडी-वडे करायचे, तेही याच खुराड्यातून. हा पैसा बहुधा घरातल्या बाईचा स्वतःचा. पशुगणनेत मात्र ही कोंबडी क्षुल्लक नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातले सुमारे ८५ कोटी १८ लाख कुक्कुटपक्षी मोजले गेले. त्यांपैकी जवळजवळ ३१ कोटी ७० लाख परसातले होते.

याच व्यवहारातून साथही पसरते. दोन कोंबड्या मलूल दिसल्या की उरलेल्या धडधाकट दिसणाऱ्या आठ मरण्याआधी विकाव्यात हे कोणालाही सुचेल, कारण उद्या त्यांची किंमत शून्य होणार. पण रोगाची बाधा झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण पाच-सहा दिवस जातात. बाजारात गेलेल्या आठांतल्या काहींबरोबर विषाणूही दुसऱ्या गावी जातो. डालगे, चपला, कापल्यावर उकिरड्यावर फेकलेली पिसे आणि आतडी हे त्याचे आणखी मार्ग. माणसाला या विषाणूपासून मोठा धोका नाही. प्रयोगशाळेत काम करणाऱ्याचे डोळे त्याने आल्याची पहिली नोंद ऑस्ट्रेलियात बर्नेट यांनी १९४३ मध्ये केली. काही दिवसांत ते बरे होतात. तरी मेलेला पक्षी हाताळल्यावर डोळ्यांना हात लावू नये आणि साबणाने हात धुवावेत. मेलेले पक्षी खोल पुरून वर चुना टाकावा. एकदम बरेच पक्षी मेले तर ती मानमोडीच असे आपणच ठरवू नये. नवापूर आठवावे आणि आधी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे.

थंडीची अडचण सोडवण्याचा एक मार्ग असा की लस गार ठेवण्याऐवजी उष्णता सोसणारा विषाणूच शोधायचा. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये १९६६ मध्ये ‘व्ही४’ हा असा सौम्य विषाणू सापडला. १९८० नंतरच्या दशकात मलेशियात त्याची लस दाण्यावर चढवून गावठी कोंबड्यांना खाऊ घालण्याचे प्रयोग झाले. त्यानंतर क्वीन्सलँड विद्यापीठात पीटर स्प्रॅडब्रो यांनी ‘आय-२’ हा प्रकार निवडला आणि तो गरीब देशांच्या प्रयोगशाळांना मोकळेपणाने वापरू दिला. कोरड्या रूपात तो २८ अंशांत, उजेडापासून दूर, आठएक आठवडे टिकतो. मोझांबिक आणि टांझानियातल्या खेड्यांत त्याचे थेंब गावातल्याच शिकवलेल्या माणसांनी कोंबड्यांच्या डोळ्यांत घातले. आपल्याकडे तमिळनाडूच्या पशुवैद्यक विद्यापीठाने दाण्यासारख्या गोळ्यांतून खाऊ घालायची राणीखेतची लस गावठी कोंबड्यांसाठी तयार केली आहे. खाऊ घालण्यात मेख एवढीच की, दांडगा कोंबडा जास्त खातो आणि भित्र्या तलंगेच्या वाट्याला मात्रा येत नाही. डोळ्यातला थेंब मोजून पडतो.

गणिताची अडचण मात्र नव्या विषाणूने सुटत नाही, ती वाडीलाच सोडवावी लागते. त्यासाठी शाळेजवळ एक साधन आहे: पटावरची मुले. कोणाच्या घरी किती कोंबड्या, किती पिल्ले, याची यादी एका तासात फळ्यावर होते. सहा आठवड्यांवरचे पक्षी आणि खालची पिल्ले असे दोन रकाने करावेत, कारण दोघांची लस वेगळी. बेरीज शंभराच्या आसपास गेली की दवाखान्याला दिवस मागता येतो. आदल्या संध्याकाळी खुराड्यांना कडी घालून ठेवायची आणि सकाळी सूर्य वर यायच्या आत टोचणी सुरू करायची. आजारी दिसणारा पक्षी टोचायचा नाही. बर्फाची पिशवी सावलीत ठेवायची, कुपी फोडल्याची वेळ कोणीतरी वहीत लिहायची आणि दोन तासांनी जे उरेल ते पुढच्या वाडीला न नेता उकळून फेकून द्यायचे.